मागच्या सीटवरची आई

शुक्रवारी सकाळी मला जाग यायची ती बाथरूममधल्या बादलीच्या आवाजाने. बाबा गाडी धुवायला पाणी भरत असायचे. शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीत गाड्या पुसणारी माणसं होती, पण आपल्या गाडीला बाबा कोणाला हात लावू देत नसत. दोन बादल्या, पिवळी फडकी, मेणाची चपटी डबी असा सगळा सरंजाम घेऊन ते लिफ्टने खाली जायचे आणि दोन तासांनी वर यायचे तेव्हा त्यांच्या हातांना मेणाचा गोडसर वास असायचा. तोवर आई खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीसाठी थांबलेली असायची, कारण बादल्या घरात दोनच होत्या. मग ती भराभर आंघोळ करून पोह्यांना फोडणी द्यायची. बाबा पोहे खाताना खिडकीतून खाली बघत बसायचे. तिसऱ्या मजल्यावरून गाडीचं छप्पर दिसायचं. "चमकतंय बघ," असं ते म्हणायचे, आणि ते कोणाला उद्देशून असायचं हे मला कधी कळलं नाही.

ती अमेरिकन गाडी होती. मरून रंगाची, लांबलचक, पुढे सलग कोचासारखी सीट असलेली. देश सोडून परत चाललेल्या एका अमेरिकन इंजिनिअरकडून बाबांनी ती विकत घेतली होती. बाबा एका माल उतरवून देणाऱ्या कंपनीत हिशेबनीस होते. त्यांच्या पगाराच्या माणसांकडे लहान जपानी गाड्या असायच्या, किंवा नसायच्याच. आमची गाडी पार्किंगच्या चौकोनात मावायची नाही, तिचं नाक बाहेर यायचं, आणि वॉचमन सईदभाई रोज एकदा तरी म्हणायचा, "साब, थोडा पीछे." पुढच्या सीटवर बाबा आणि माझा धाकटा भाऊ अजित. मागे आई आणि मी. पुढे तिघं आरामात बसली असती, पण अजित खिडकीला टेकून पाय पसरायचा आणि बाबांना ते आवडायचं. आई दार उघडून आपणहून मागे बसायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं. कोणी पुढे बस असंही म्हटलं नव्हतं.

बाबांना अमेरिकन सिनेमांचं वेड होतं. कॉलेजात असताना पुण्याच्या थिएटरात रविवार सकाळचे खेळ बघून ते लागलं होतं, आणि इथे आल्यावर व्हिडिओ कॅसेटची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर असल्याने ते वाढत गेलं. तेव्हा गुरुवारी अर्धा दिवस असायचा आणि शुक्रवारी सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी बाबांचे मित्र जमायचे. कुलकर्णीकाका, त्यांच्याच ऑफिसातले दोघं-तिघं, आणि गोव्याचे फर्नांडिसकाका, जे वयाने सगळ्यांत मोठे होते आणि बाबांना नावाने हाक मारायचे. कारचा सिनेमा असला की खोलीत सिगारेटचा धूर आणि टायरांचा आवाज भरून जायचा. आई बटाटेवडे तळत असायची. ताट घेऊन दाराशी यायची, तेवढ्यात पडद्यावर जे चाललं असेल ते बघायची आणि पुढचा घाणा टाकायला परत जायची. कित्येक सिनेमे तिने असे तुकड्यातुकड्यांत बघितले. कुठल्याही सिनेमाचा शेवट तिला ठाऊक नसायचा.

बाबा आम्हाला समजावून सांगायचे. अमेरिकेत मुलगा सोळा वर्षांचा झाला की बाप त्याच्या हातात गाडीची किल्ली देतो. तिथे माणसाला घर नसलं तरी चालतं, गाडी लागते. प्रेम जमतं ते गाडीत, भांडण होतं ते गाडीत, बायको सोडून गेली तर माणूस गाडी काढतो आणि वाळवंटातल्या सरळ रस्त्याला लागतो. "रस्ता दिसला की निघायचं," बाबा म्हणायचे. "कोणाला विचारायचं नाही. ह्याला म्हणतात फ्रीडम." हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर भरून यायचा. मी आणि अजित भारावून ऐकायचो. मलाही वाटायचं, सोळाव्या वर्षी मला किल्ली मिळेल.

आता त्या सिनेमांचा विचार केला की माझं डोकं तापतं. माझी मुलगी म्हणते, "मॉम, इट्स जस्ट अ मूव्ही." असेल. पण मी ते शेकड्याने पाहिले आहेत आणि त्यांतल्या बायका मला आठवतात. बाई शेजारच्या सीटवर असते, तिचे केस उडतात, वळण आलं की ती किंचाळते. किंवा ती रस्त्याच्या कडेला उभी असते आणि नायक गाडी थांबवायची की नाही ते ठरवतो. किंवा घरी फोनपाशी बसून असते, आणि तो बेभान होऊन गाडी पळवत असतो तो म्हणे तिच्यासाठीच. तिची गाडी कुठे असते? बाबांना हा प्रश्न एकदाही पडला नाही. त्या सिनेमांनी त्यांना मोकळ्या रस्त्याचं गाणं शिकवलं आणि त्यात मागच्या सीटची एक ओळही नव्हती, आणि बाबांनी ते गाणं जसंच्या तसं घरी आणलं.

आई कोल्हापूरची. लग्नाआधी ती एका मुलींच्या शाळेत शिकवायची आणि स्वतःच्या मोपेडवरून शाळेत जायची. संध्याकाळी ती आणि तिची बहीण रंकाळ्यावर जाऊन भडंग खायच्या आणि दिवेलागणीच्या आत घरी यायच्या. हे तिने मला पोळ्या लाटताना सांगितलं होतं, बाबा घरी नसताना. मोपेडचा रंग निळा होता, चढावर तिला पायडल मारावं लागायचं, पावसात प्लग भिजला की ती स्वतः तो काढून पदराला पुसायची. इथे आल्यावर ती फ्लॅटमध्ये बसली. तेव्हाच्या शारजात बस नव्हती. उन्हाळ्यात सकाळी आठ वाजताच रस्ता तापलेला असायचा, आणि साध्या भाजीच्या दुकानापर्यंत जायचं तर मधे तो मोठा रस्ता. कोणी म्हणेल, टॅक्सी होत्या की. होत्या. आईने एकदा विचारलंही होतं. बाबा हसले होते. "माझी गाडी खाली उभी असताना माझी बायको टॅक्सीने फिरणार? लोक काय म्हणतील?" त्यामुळे गाडी खाली उभी असायची, बाबा कंपनीच्या गाडीने ऑफिसला गेलेले असायचे, आणि आई तिसऱ्या मजल्यावर.

तिला एकच मैत्रीण होती. शैलामावशी. मालवणची, आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात राहायची. दुपारी दोन्ही दारं उघडी असायची आणि मधल्या व्हरांड्यातून वाट्यांची ये-जा चालायची. मावशीकडून सोलकढी, आमच्याकडून तांबडा रस्सा. मावशी मोठ्याने हसायची, अगदी लिफ्टपर्यंत ऐकू जाईल असं. तिच्याकडे गेल्यावर आईही वेगळी वाटायची, पाय वर घेऊन बसायची, कोल्हापुरी बोलायची. मग मावशीच्या नवऱ्याला उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि ती दोघं तिकडे राहायला गेली. गाडीने पाऊण तासाचं अंतर. आईच्या दृष्टीने ते मालवणला परत गेल्यासारखंच होतं.

महिन्यातून एखाद्या शुक्रवारी आम्ही तिच्याकडे जायचो. येताना खाडीकाठच्या सपाट खारट जमिनीवर बाबा गाडी थांबवायचे आणि अजितला चालवायला द्यायचे. अजित तेव्हा तेरा वर्षांचा होता, पेडलपर्यंत त्याचे पाय कसेबसे पोचायचे. बाबा शेजारी बसून टाळ्या वाजवायचे. मी आणि आई खाली उतरून उभ्या राहायचो, थर्मास घेऊन, आणि गाडी आमच्याभोवती धूळ उडवत गोल गोल फिरायची. एकदा आई म्हणाली, "मलाही एकदा बसू द्या ना." तिने ते सहज म्हटलं होतं, चहा ओतता ओतता. बाबा म्हणाले, "तुला कशाला? तुला कुठे जायचंय?" अजित हसला. मीही हसले असेन. आईने थर्मासचं झाकण लावलं.

मावशी आजारी पडली ती पोटाच्या दुखण्याने. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हा मुलांना कोणी सांगितलं नाही, पण आई फोनवर बोलताना भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली. शेवटी ठरलं की मावशीला मुंबईला घेऊन जायचं. एका शुक्रवारी संध्याकाळचं विमान होतं. त्या आठवड्यात आईने रोज बाबांना विचारलं. बाबा रोज म्हणाले, शुक्रवारी सकाळी जाऊ, दुपारी तिच्याकडे थांबू, हवं तर विमानतळापर्यंतही सोबत जाऊ. गुरुवारी रात्री त्यांना आठवलं की शुक्रवारी सकाळी जुन्या अमेरिकन गाड्यांचे मालक वाळवंटाच्या कडेला जमणार आहेत. "बारापर्यंत येतो. एक फोटो काढायचा आणि निघायचं. बारा म्हणजे बारा."

शुक्रवारी त्यांनी गाडी नेहमीपेक्षा लवकर धुतली. आईने पहाटेपासून स्वयंपाक केला. मावशीला तिखट चालत नव्हतं म्हणून मऊ मुगाची खिचडी, तूप, लिंबाचं गोड लोणचं, आणि तिला आवडायच्या म्हणून चार आंबोळ्या, खाल्ल्या नाहीत तरी बघेल तरी म्हणून. ते सगळं स्टीलच्या डब्यात भरलं, डबा पंच्यात बांधला. आईने हिरवी साडी नेसली आणि अकरा वाजल्यापासून ती जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसली. पर्स मांडीवर. चपला पायात. घरात चपला घालून बसलेली आई मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

बारा वाजले, एक वाजला. मी खिडकीत. खाली गाडीची जागा रिकामी, डांबरावर धुतलेल्या पाण्याचा डागही सुकून गेलेला. मी म्हणाले, "आई, टॅक्सीने जाऊ या." ती म्हणाली, "येतील आता. आपण निघालो आणि ते आले तर?" दोनच्या सुमाराला फोन वाजला. मावशी होती. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आईला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला. मावशीने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "हो अगं, निघालोच. खालीच आहे गाडी." मग तिने फोन ठेवला आणि परत खुर्चीत येऊन बसली. मोबाईल फोन तेव्हा नव्हते, बाबांना कुठे गाठायचं हा प्रश्न होता. अजित बाबांबरोबर गेला होता. तीन वाजता आई उठली, म्हणाली, "चल, टॅक्सी बघू," आणि दारापर्यंत गेली. मग घड्याळाकडे बघितलं आणि तिथेच थांबली. मावशी साडेतीनला निघणार होती.

बाबा आले ते पाच वाजता. उन्हाने लाल झालेले, खुशीत. अजितच्या डोक्यावर कोणाची तरी टोपी होती. "काय गाड्या होत्या, सुमन! एक अरब म्हातारा आपल्या गाडीभोवती तीनदा फिरला, म्हणाला, हबीबी, विकतोस का? मी म्हटलं, बायको विकीन, गाडी नाही." एवढं बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष आईच्या साडीकडे गेलं. "अरे. शैला. थांब, आता थेट विमानतळावर जाऊ. यल्ला, उठा."

आई म्हणाली, "नको."

"अगं भेटेल अजून. विमान सातचं आहे."

"आत गेली असेल ती. नको."

तिने पंचा सोडला. डब्यातली खिचडी गार होऊन थापली होती. दोन ताटं घेतली, एक माझ्यापुढे ठेवलं, एक स्वतःपुढे. आम्ही दोघी जेवायला बसलो. बाबा समोरच्या खुर्चीत येऊन बसले. ते वाट बघत होते. आईने मला तूप वाढलं. अजितला हाक मारून एक आंबोळी त्याच्या हातात दिली. बाबांपुढे तिने काही ठेवलं नाही. डबा रिकामा होईपर्यंत आम्ही जेवलो. मला भूक नव्हती. तरी मी सगळं संपवलं, कारण आई माझ्या ताटाकडे बघत होती. बाबांना न वाढता ती जेवली असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

मावशी मुंबईतच गेली, काही आठवड्यांनी. फोन आला तेव्हा आई कणीक मळत होती. तिने हात धुतले, फोन घेतला, ठेवला, आणि उरलेली कणीक मळून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा चहा घेत असताना ती म्हणाली, "मला ड्रायव्हिंग शिकायचंय. नवऱ्याची हरकत नाही असं लिहून लागतं. तुमची सही द्या."

"कशाला? मी आहे ना."

"तुम्ही नव्हतात."

बाबांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. ते म्हणाले, "बघू. इन्शाल्ला." अरबी माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्यात देवाचं नाव असतं. बाबा म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असायचा, फक्त नाही म्हणायचे कष्ट वाचायचे. आई दर चार दिवसांनी विचारायची. इथले रस्ते म्हणजे कोल्हापूर नव्हे. इथे शंभरच्या खाली कोणी चालवत नाही. टेस्टला लोक दहा-दहा वेळा नापास होतात. उन्हाळा संपू दे. रमझान होऊ दे. सही काही केल्या झाली नाही.

मला सोळावं वर्ष लागलं होतं. त्या वयाचा राग मूर्ख असतो असं लोक म्हणतात. माझा नव्हता. मी आज पन्नाशी ओलांडली आहे, स्वतःची गाडी चालवत रोज शारजा ते दुबई त्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसते, आणि तो राग मला अजून अगदी बरोबर वाटतो.

एका गुरुवारी सगळे मित्र जमले होते. सिनेमा नेहमीसारखाच होता, शेवटी गाड्या उलट्यापालट्या होणार हे ठरलेलं. पण मधे एक प्रसंग आला. एका मुलीचा वाढदिवस असतो, तिचा बाप तिला डोळे मिटायला लावून बाहेर अंगणात नेतो आणि तिथे रिबन बांधलेली छोटी लाल गाडी उभी असते. ती बापाच्या गळ्यात पडते. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "बघा," ते मित्रांना म्हणाले, "काय कल्चर आहे. मुलीला गाडी देतात. आपल्याकडे जमणार आहे का असलं?"

आई दारात वड्यांचं ताट घेऊन उभी होती. मी उठले आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. आम्ही मुलं चिडलो की इंग्रजीत बोलायचो, शाळेची सवय होती ती. पण आईला सगळं कळायला हवं होतं, म्हणून मी मराठीत बोलले.

"बाबा, आईला सही द्या."

"रेवती, बाजूला हो. सिनेमा चाललाय."

"शैलामावशीला आई भेटू शकली नाही. तुम्ही गाडीचा फोटो काढायला गेला होतात. आई पाच वाजेपर्यंत चपला घालून बसली होती. आणि तुम्ही ह्या मुलीसाठी रडताय."

 कुलकर्णीकाका ॲशट्रेकडे बघायला लागले. बाबा उठले. ते मला मारतील असं मला वाटलं आणि मारावं असंही वाटलं. "आत जा," ते हळू म्हणाले. मी हलले नाही. 

फर्नांडिसकाकांनी रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. "मोहन," ते म्हणाले, "क्या साइन है? किस चीज का?"

 आईने ताट टेबलावर ठेवलं, आत गेली, कागद आणि पेन घेऊन आली. कागदाला घड्या पडून पडून चिरा गेल्या होत्या. तिने तो टीव्हीवर पसरला, कारण टेबलावर वडे होते. "दे दो भाई," फर्नांडिसकाका म्हणाले. "मेरी वाइफ तो रोज चलाती है. खलास." कोणीतरी हसलं. बाबाही हसल्यासारखं करून म्हणाले, "अरे, मी कुठे नाही म्हणत होतो?" आणि त्यांनी सही केली.

त्या सहीचा मला आनंद झाला नाही, अजूनही होत नाही. आईने किती महिने मागितली. मैत्रीण गेली तरी मिळाली नाही. चार पुरुष बघत होते म्हणून मिळाली. बाबांच्या तेराव्याला आमच्या एका आत्याने सांगितलं, "आमच्या मोहनने बायकोला परदेशात ड्रायव्हिंग शिकवलं, त्या काळात. किती मोकळ्या मनाचा." मी पंगतीतून उठून मागच्या अंगणात गेले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मग कोणाबद्दल लिहायचं?

आई शिकली. तिला शिकवणारे उस्ताद पेशावरचे होते, पांढऱ्या दाढीचे, लहानशा जुन्या गाडीत बसायचे आणि तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. "बाजी, आईना देखो. बाजी, घबराना नहीं, पीछे वाला चिल्लाएगा, चिल्लाने दो." हे वाक्य ती घरी येऊन म्हणून दाखवायची आणि तिला हसू यायचं. टेस्टला ती नापास झाली, पुन्हा झाली, पुन्हा झाली. एकदा इंडिकेटर दिला नाही म्हणून, एकदा फार सावकाश चालवली म्हणून. दर वेळी बाबा जेवताना विचारायचे, "काय, आज कोणाला उडवलं?" आणि अजित खिदळायचा. एका दुपारी ती आली आणि लायसन्स माझ्यापुढे धरलं. फोटोत ती दचकल्यासारखी दिसत होती. आम्ही दोघींनी शिरा केला आणि पातेल्यातूनच खाल्ला.

मग मात्र काहीच झालं नाही. बाबा म्हणाले, "ती गाडी जड आहे. तुला झेपायची नाही. तुला एखादी छोटी बघू, इन्शाल्ला." जड! ती ऑटोमॅटिक होती. स्टिअरिंग एका बोटाने फिरायचं, तेरा वर्षांच्या अजितच्या बोटाने फिरलं होतं. आई क्लचवाल्या खटारा गाडीवर शिकून पास झाली होती. पण किल्ली बाबांच्या शर्टाच्या खिशात असायची आणि लायसन्स आईच्या कपाटात साड्यांखाली. असं वर्ष गेलं असेल, थोडं जास्तच.

त्या गुरुवारी बाबा दुपारी जेवून झोपले होते. शर्ट दाराच्या खुंटीला. मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होते. आई स्वयंपाकघरातून आली, हात पुसले, खुंटीपाशी गेली आणि खिशातून किल्ली काढली. लपवून नाही. मीठ घ्यावं तशी. "चल," ती मला म्हणाली. "घरात मासळी नाही."

खाली गाडीत बसून ती सीट पुढे ओढायला लागली तेव्हा पुढची सगळी सीट सरकली, मीही तिच्याबरोबर पुढे आले. त्या सीटवर पुढे बसायची आम्हा दोघींची ती पहिलीच वेळ. आरसा तिने तीनदा नीट केला. सईदभाई खुर्चीतून उठून उभा राहिला. "मॅडम? साब कहाँ?" आई म्हणाली, "सो रहे हैं." मग गाडी अगदी हळू बाहेर पडली. खाडीला वळसा घालून आम्ही निघालो. मागच्याने हॉर्न वाजवला, आई स्वतःशीच म्हणाली, "चिल्लाने दो." तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.  उड्या माराव्यात असं वाटत होतं पण मी हलले असते तर ती दचकली असती.

मासळी बाजारात आई इतका वेळ फिरली की मी कंटाळले. मासे नेहमी बाबा आणायचे, आणतील ते ती करायची. तिने कल्ले उघडून बघितले, विक्रेत्याशी हिंदीत भाव केला, वीस दिरहमचे किती रुपये होतात ते मोठ्याने म्हणाली आणि त्यालाच दटावलं. शेवटी एक मोठी सुरमई घेतली. परत येताना तिने गाडी जरा जोरात चालवली. खिडकी उघडी होती. ती गाणं वगैरे म्हणत नव्हती, तिचे केस अंबाड्यात घट्ट होते, ती फक्त रस्त्याकडे बघत होती.

पार्किंगमध्ये शिरताना खांब लागला. उजव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, खर्रकन लांब आवाज आला. आईने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. बाबा समोरच उभे होते. बनियन आणि लुंगीवर, अनवाणी, शेजारी सईदभाई. ते आमच्याकडे आले नाहीत. ते सरळ त्या बाजूला गेले, खाली बसले आणि बोटाने ओरखडा चाचपायला लागले. मरून रंगाखालचा पत्रा दिसत होता. बाबा रडायला लागले. खरं रडणं, खांदे हलत होते. शैलामावशी गेली त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला होता, बाकी काही नाही.

सईदभाई दुसरीकडे बघत होता. आई उतरली. डिकीतून सुरमईची पिशवी काढून माझ्या हातात दिली. मग ती बाबांपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ती माफी मागणार. तिचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज अगदी साधा होता, वाणसामान सांगताना असायचा तसा.

"लागलं नाही कोणाला," ती म्हणाली. "चाचपून झालं की वर या, जेवायला मासे आहेत. आणि उद्या सकाळी धुऊन ठेवा. दहा वाजता मला परत लागणार आहे."

किल्ली तिने पदराच्या टोकाला बांधली आणि ती लिफ्टकडे चालू लागली.